साधी यंत्रे हाताने मोजून कशी शिकावीत

तरफ, उतरण, पाचर, स्क्रू, कप्पी, चाक आणि आस. ही सहा नावे पाठ व्हायला पाच मिनिटे पुरतात. खरी अडचण त्यानंतर येते. हलत्या कप्पीने वजन उचलायला निम्मेच बल लागते असे पुस्तकात वाचले, की चौकस माणूस लगेच विचारतो, 'मग उरलेले निम्मे कोण उचलते?' याचे उत्तर ज्याला नीट देता येत नाही, त्याला साधी यंत्रे अजून कळलेली नाहीत. आणि हे उत्तर पाठांतराने मिळत नाही. फूटपट्टी, दोरा आणि ताणकाटा (स्प्रिंगच्या ताणावरून बल मोजणारा काटा) घेऊन मोजायला बसले, की दोन-तीन संध्याकाळींत ते हाती लागते.

आधी सामान जमवा. ३० सेंटिमीटरची ताठ फूटपट्टी, सहा कडांची पेन्सिल, एकाच प्रकारचे दहा-बारा वायसर किंवा नाणी, मजबूत दोरा, साधारण १ मीटर लांबीची गुळगुळीत फळी, चाके मोकळी फिरणारी खेळण्यातली गाडी, तिच्याएवढाच लाकडी ठोकळा, दोन छोट्या कप्प्या, एक नट-बोल्ट आणि १० न्यूटनपर्यंत मोजणारा ताणकाटा. कप्प्या नसतील तर दोऱ्याची रिकामी रिळे खिळ्यात अडकवून वापरता येतात. फक्त त्यांत घर्षण बरेच जास्त असते, हे लक्षात ठेवा.

ताणकाटा नसेल तर

एक मऊ, लांब स्प्रिंग पट्टीवर टांगा. तिच्या खालच्या टोकाला हलकी पिशवी लावा आणि पिशवी रिकामी असताना टोक जिथे येते तिथे शून्याची खूण करा. मग पिशवीत मापाने ५० मिलिलिटर पाणी ओता आणि खूण करा, आणखी ५० ओता, पुन्हा खूण करा. १०० मिलिलिटर पाण्याचे वस्तुमान १०० ग्रॅम आणि त्याचे वजन ०.९८ न्यूटन, म्हणजे जवळजवळ १ न्यूटन. शेवटी पाणी काढून टाका आणि टोक शून्यावर परत येते का ते पाहा. येत नसेल तर स्प्रिंग जास्त ताणली गेली आहे. ती बदला आणि नव्याने खुणा करा.

स्प्रिंगऐवजी रबरबँड वापरण्याचा मोह होतो, तो टाळा. रबर सारख्या वजनाला सारखे ताणले जात नाही. शिवाय वजन वाढवताना एक आकडा दाखवते आणि कमी करताना दुसरा.

किलोग्रॅम, न्यूटन आणि ज्यूल यांची गल्लत

नवख्या माणसाच्या वहीत सर्वांत जास्त चुका इथे होतात. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे. बल न्यूटनमध्ये मोजतात. १ किलोग्रॅमची वस्तू पृथ्वीवर ९.८ न्यूटन बलाने खाली ओढली जाते. बल लावून वस्तू त्या बलाच्या दिशेने सरकली, की कार्य झाले. बल न्यूटनमध्ये आणि अंतर मीटरमध्ये घेऊन गुणाकार केला, की कार्य ज्यूलमध्ये मिळते. सेंटिमीटर तसेच ठेवून गुणले तर उत्तर शंभरपट चुकते. म्हणून वहीत अंतराचा रकाना पहिल्यापासून मीटरचाच ठेवा.

१०० ग्रॅमची वस्तू १ मीटर उचलली तर सुमारे १ ज्यूल कार्य होते. हा आकडा हाताला माहीत असू द्या, बाकी सगळे त्याच्याशी ताडून पाहता येते. उचललेल्या वस्तूत हे कार्य स्थितिज ऊर्जा म्हणून साठते. वस्तू सोडली की तिची गतिज ऊर्जा होते. १ किलोग्रॅमची वस्तू १ मीटरवरून पडली तर जमिनीला टेकताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो आणि सगळेच्या सगळे ९.८ ज्यूल गतीत असतात. आदळल्यावर ते थोडे आवाजात आणि बरेचसे उष्णतेत जातात.

ही उष्णता जाणवत का नाही, हे एका हिशेबाने कळते. १ लीटर पाणी फक्त १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात. तेवढ्या ऊर्जेत १ किलोग्रॅम वजन ४२७ मीटर उंच नेता येईल! म्हणून दिवसभर वजने उचलून-पाडूनही तापमापीचा पारा जेमतेम हलतो. जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या दशकात नेमके हेच केले. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली पाती फिरवून त्यांनी तापमानातली बारीकशी वाढ मोजली आणि यांत्रिक कार्य व उष्णता ही एकाच ऊर्जेची रूपे आहेत हे आकड्यांनी दाखवले.

ऊर्जेचे रूप बदलताना काही भाग दिसेनासा होतो, तो घरीही मोजता येतो. चेंडू १ मीटरवरून सोडा, फेकू नका. तो किती सेंटिमीटर उसळतो ते भिंतीवर लावलेल्या टेपवर डोळ्यांच्या पातळीत पाहा. ५५ सेंटिमीटर उसळला तर ५५ टक्के ऊर्जा उसळीत परत आली. टेनिसच्या नियमांत चेंडूची कसोटी अशीच घेतात. नेहमीच्या प्रकारचा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून कडक पृष्ठभागावर सोडला, की तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. म्हणजे चांगला चेंडूही निम्म्याच्या जरा वर ऊर्जा परत देतो.

तरफ

पेन्सिल टेबलावर चिकटपट्टीने पक्की करा आणि तिच्यावर फूटपट्टी आडवी ठेवा. गोल पेन्सिल घेऊ नका, ती घरंगळते. सहा कडांच्या पेन्सिलीचा माथा काही मिलिमीटर सपाट असतो, त्यामुळे पट्टी एका बिंदूऐवजी थोड्या पट्ट्यात तोल धरते. म्हणून पट्टी हळूहळू सरकवत ती डावीकडे कलते ती जागा आणि उजवीकडे कलते ती जागा, अशा दोन्ही नोंदवा. त्यांचा मध्य हा तुमचा टेकू. तो १५ सेंटिमीटरवरच येईल असे गृहीत धरू नका. बहुतेक पट्ट्यांना शून्याच्या अलीकडे थोडी मोकळी कड असते.

आता टेकूपासून डावीकडे ५ सेंटिमीटरवर चार वायसर ठेवा आणि उजवीकडे १० सेंटिमीटरवर दोन. तोल साधतो. डावीकडे ४ सेंटिमीटरवर तीन आणि उजवीकडे १२ सेंटिमीटरवर एक, तरी साधतो. भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा (भुजा म्हणजे टेकूपासूनचे अंतर), हे सूत्र इथे डोळ्यांसमोर उभे राहते. तोल साधत नसेल तर दोनच कारणे पाहा. अंतर वायसरच्या कडेपर्यंत मोजले असेल, ते मध्यापर्यंत मोजायला हवे. नाहीतर वायसर एकमेकांशेजारी पसरले असतील, ते एकावर एक रचायला हवेत.

टेकू मध्यापासून हलवला की सूत्र एकदम 'खोटे' पडते. विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात, कारण पट्टीचे स्वतःचे वजन कोणी हिशेबात धरत नाही. ते वजन पट्टीच्या तोलबिंदूतून खाली ओढत असते. या अडचणीचा उलट उपयोग करून घ्या. समजा पट्टीचा तोलबिंदू १५ वर आहे. ५ ग्रॅमचा वायसर १ सेंटिमीटरच्या खुणेवर ठेवला आणि टेकू १२ वर आल्यावर तोल साधला. वायसरची भुजा ११, पट्टीच्या वजनाची भुजा ३. म्हणजे पट्टीचे वस्तुमान ५ गुणिले ११ भागिले ३, सुमारे १८ ग्रॅम. काट्याशिवाय पट्टी तोलून झाली.

तरफेचे तीन प्रकार पाठ करताना 'मध्ये कोण आहे' एवढेच विचारा. टेकू मध्ये असेल तर पहिला प्रकार: कात्री, पक्कड, सी-सॉ. भार मध्ये असेल तर दुसरा: एकचाकी ढकलगाडी, बाटलीचे झाकण उघडायची चावी. बल मध्ये असेल तर तिसरा: चिमटा, झाडू, आपला कोपरापुढचा हात. तिसऱ्या प्रकारात बल वाचत नाही, उलट जास्त लागते. कोपर वाकवणारा दंडाचा स्नायू कोपरापासून जेमतेम ४ ते ५ सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि तळहात सुमारे ३५ सेंटिमीटरवर असतो. हातात १ किलोग्रॅम धरला तर केवळ त्या वजनासाठी स्नायूला ७० ते ८० न्यूटनने ओढावे लागते. बदल्यात स्नायू थोडासा आखडला की हात लांबवर आणि झपाट्याने हलतो. शरीराला तो सौदा परवडतो.

उतरण: इथे वेळ घाला

सगळ्या साध्या यंत्रांत ऊर्जेचा हिशेब सर्वांत स्पष्टपणे शिकवते ती उतरण. १ मीटर लांबीच्या फळीचे एक टोक २० सेंटिमीटर उंच करा. उंची उभी मोजायची, लांबी फळीच्या अंगाने. गाडीत वजन भरून ती एकूण ५०० ग्रॅम करा, म्हणजे वजन ४.९ न्यूटन. सरळ उभी उचलली तर ०.२ मीटर उंचीसाठी ४.९ × ०.२ = ०.९८ ज्यूल कार्य लागते.

आता गाडी ताणकाट्याने उतरणीवर ओढा. तीन गोष्टी कटाक्षाने पाळा. पहिली, ताणकाटा फळीला समांतर धरा. वर उचलून धरला तर गाडीचे थोडे वजन तुम्हीच पेलता आणि आकडा फसवा येतो. दुसरी, काटा तिरका धरल्यावर शून्य तपासून घ्या, कारण उभ्या काट्यात खालच्या हुकाचे स्वतःचे वजनही स्प्रिंगला ओढत असते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, गाडी सावकाश आणि एकसारख्या वेगाने चालू असताना वाचन घ्या. सुटतानाचा झटका मोजू नका, कारण थांबलेल्या वस्तूचे घर्षण चालत्या वस्तूपेक्षा जास्त असते. पाच वेळा ओढा आणि सरासरी घ्या.

घर्षण नसते तर ०.९८ न्यूटन पुरले असते, कारण उंची लांबीच्या एक पंचमांश आहे. समजा काट्यावर १.२ न्यूटन आले. फळीची लांबी १ मीटर, म्हणून तुम्ही केलेले कार्य १.२ ज्यूल. त्यातले ०.९८ गाडीच्या उंचीत साठले, ०.२२ घर्षणाने उष्णतेत गेले. कार्यक्षमता ०.९८ भागिले १.२, म्हणजे सुमारे ८२ टक्के. बल चौपटीने वाचले आणि कार्य मात्र वाढले. यंत्राबद्दल जे काही समजून घ्यायचे ते या दोन आकड्यांत आहे. वहीत ते शेजारी शेजारी लिहा.

नंतर गाडी काढून तेवढ्याच वजनाचा ठोकळा ओढा. लाकूड आणि फळी यांच्यातला घर्षणांक (घर्षण आणि फळीवरचा दाब यांचे गुणोत्तर) ०.३ धरला तर सुमारे २.४ न्यूटन लागतील. कार्य २.४ ज्यूल आणि कार्यक्षमता ४० टक्के. मग फळी ४० सेंटिमीटर उंच करा. ठोकळ्याला आता सुमारे ३.३ न्यूटन लागतील आणि कार्यक्षमता ५९ टक्क्यांच्या आसपास जाईल. उतार चढा केला की ओढणे जड होते, तरी वाया जाणारा वाटा कमी होतो, कारण मिळवलेल्या प्रत्येक सेंटिमीटर उंचीमागे घासत जायचे अंतर घटते. तुमचे आकडे वेगळे येतील, फळी आणि ठोकळा वेगळे असल्यामुळे ते वेगळेच यायला हवेत. क्रम मात्र हाच दिसला पाहिजे. चढ्या उतारावर काटा कमी दाखवू लागला, तर काटा समांतर नाही असे समजा.

चाकाच्या खुर्चीसाठीच्या रॅम्पला १ भाग उंचीला १२ भाग लांबीचे प्रमाण सर्रास वापरतात. ते का, हे आता सांगता येईल. घर्षण सोडले तर एकूण वजनाच्या सुमारे बाराव्या भागाइतक्या बलात खुर्ची वर जाते.

पाचर आणि स्क्रू

पाचर म्हणजे चालती उतरण. उतरणीवर वस्तू सरकते, पाचरीत उतरणच वस्तूत घुसते. पाते जितके लांब आणि बारीक तितके बल कमी, पण पाते तितके लवकर दुमडते. लाकूड फोडायची पाचर म्हणूनच जाड असते.

स्क्रू समजायला कागदाचा काटकोन त्रिकोण कापा आणि उभ्या बाजूकडून पेन्सिलीवर गुंडाळा. तिरकी कड आट्यांसारखी चढत जाते. आता बोल्ट घ्या, नट बरोबर दहा वेढे फिरवा आणि नट किती सरकला ते मोजा. ८ मिलिमीटर व्यासाच्या प्रमाणित बोल्टला एका वेढ्याला १.२५ मिलिमीटर, म्हणजे दहा वेढ्यांना १२.५ मिलिमीटर येतात. एकच वेढा मोजायला गेलात तर पट्टीवर नेमके वाचता येत नाही, म्हणून दहा.

१५ सेंटिमीटर लांब पान्याचे टोक एका वेढ्यात सुमारे ९४२ मिलिमीटर फिरते आणि नट १.२५ मिलिमीटर सरकतो. हिशेबाने बल सुमारे ७५० पट व्हायला हवे. प्रत्यक्षात बोल्ट आवळताना लावलेल्या जोरातला साधारण दहावा भागच बोल्ट ताणायच्या कामी येतो, बाकीचा आटे आणि नटाची बूड घासण्यात जातो. ऐकायला हे नुकसानीचे वाटते, पण त्या घर्षणामुळेच बोल्ट आवळलेला राहतो. ज्या यंत्राची कार्यक्षमता निम्म्याहून कमी असते, ते भाराने आपोआप उलटे फिरत नाही. गाडी उचलायचा स्क्रू-जॅक हात काढल्यावर खाली येत नाही, तो याच कारणाने. घर्षण नेहमी शत्रूच असते असे शिकवू नये.

कप्पी, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर

स्थिर कप्पीवरून दोरा टाकून ५०० ग्रॅम वजन सावकाश वर ओढा. काटा ४.९ पेक्षा थोडे जास्तच दाखवेल. वजन सावकाश खाली सोडताना कमी दाखवेल. दोन्ही वाचनांची सरासरी खऱ्या वजनाजवळ येते आणि फरकाचे निम्मे म्हणजे कप्पीचे घर्षण. काटा उलटा धरून खाली ओढत असाल, तर आधी त्याच स्थितीत शून्य लावून घ्या. स्थिर कप्पी बल वाचवत नाही, फक्त दिशा बदलते. एक धोका मात्र इथेच आहे. कप्पी ज्या हुकाला टांगली आहे, त्यावर वजन आणि तुमची ओढ असे दोन्ही येते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. १० किलोग्रॅम पेलणाऱ्या हुकावर कप्पी लावून १० किलोग्रॅम उचलायला जाऊ नका. वजनाखाली हात-पाय कधीच नको.

आता दोऱ्याचे एक टोक वर पक्के बांधा, दोरा हलत्या कप्पीखालून घ्या, कप्पीला वजन टांगा आणि दुसरे टोक सरळ वर ओढा. कप्पीचे स्वतःचे ५० ग्रॅम धरले तर एकूण वजन ५.४ न्यूटन आणि निम्मे २.७. काट्यावर घर्षणासह त्याहून थोडे जास्त दिसेल. नेमके निम्मे २.४५ का आले नाही, असा प्रश्न पडतो तेव्हा बहुतेक वेळा कप्पीचे वजन विसरलेले असते. दोऱ्याचे दोन पदर तिरके असतील तरी आकडा वाढतो. ते समांतर ठेवा.

उरलेले निम्मे बल वरचा खुंटा लावतो. तिथे दुसरा ताणकाटा बांधून पाहा, तोही जवळपास तेवढाच आकडा दाखवेल. पण खुंटा हलत नाही, म्हणून तो कार्य करत नाही. आता दोऱ्याला शाईची खूण करून वजन १० सेंटिमीटर वर न्या. दोरा २० सेंटिमीटर ओढावा लागला असेल. म्हणजे बल खुंट्याने वाटून घेतले, पण ऊर्जा सगळी तुमच्याच हातातून गेली. कितीही कप्प्या जोडा, हलत्या कप्पीला पेलणारे दोऱ्याचे पदर मोजा, तितक्या पटीने बल कमी आणि दोरा लांब. मात्र प्रत्येक कप्पी आपले घर्षण घालते, त्यामुळे साध्या रिळांच्या चार-पाच कप्प्यांनंतर फायदा फारसा वाढत नाही.

चाक आणि आस

पेचकसाची मूठ म्हणजे चाक आणि दांडा म्हणजे आस. मूठ ३० मिलिमीटर आणि दांडा ६ मिलिमीटर जाड असेल तर बल पाचपट होते. स्क्रू हलत नसेल तेव्हा लांब नव्हे, जाड मुठीचा पेचकस घ्या.

सायकल मात्र बल वाढवायचे यंत्र नाही. स्वतःच्या सायकलवर मोजून पाहा. पेडलचा दांडा १७० मिलिमीटर, मागच्या चाकाची त्रिज्या ३४० मिलिमीटर, पुढे ४४ दाते आणि मागे १८ असतील, तर रस्त्यावर मिळणारे बल पायाच्या बलाच्या ०.५ × १८ ÷ ४४, म्हणजे सुमारे एक पंचमांश. पेडल १ सेंटिमीटर फिरले की चाक जवळपास ५ सेंटिमीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर बल थोडेच लागते, म्हणून हे फायद्याचे ठरते. चढ लागला की मागे जास्त दात्यांचे चाक हवेसे वाटते. दाते मोजताना एका दात्यावर खडूची खूण करा, नाहीतर मोजणी हमखास चुकते. पेडल अगदी खाली असताना सुरू करा, पूर्ण एक फेरी फिरवा आणि मागचे चाक जमिनीवर किती मीटर पुढे गेले ते टेपने मोजा. वरच्या दात्यांच्या उदाहरणात ते सव्वापाच मीटरच्या आसपास यायला हवे.